सुशीलाचं मोकळं होणं

सुशीला राठोड गेली तेव्हा शाळेनं शोकसभा ठेवली आणि नव्या मुख्याध्यापकांनी मला फोन केला. "मॅडम, तुमचा त्यांचा इतक्या वर्षांचा घरोबा. राठोड मॅडमच्या स्वातंत्र्याविषयीच्या विचारांवर पाच मिनिटं बोला."

मी विचारलं, "कोणत्या विचारांवर?"

त्यांना वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी तेच वाक्य मोठ्यानं पुन्हा सांगितलं.

माझी अडचण खरी होती. या बाईचे स्वातंत्र्याविषयीचे विचार दर काही वर्षांनी बदलले. नवे विचार ती जुन्यांइतक्याच ठामपणे, तेवढ्याच वरच्या पट्टीत सांगायची, आणि दर वेळी त्याचा त्रास मला व्हायचा. हे पाच मिनिटांत कसं सांगणार? सभेत मी काहीतरी गुळमुळीत बोलले, लोकांनी माना डोलावल्या, आणि घरी येताना मला माझाच राग आला. म्हणून आता जरा सावकाश लिहिते आहे.

राळेगावच्या शाळेत आम्ही दोघी एकाच जूनमध्ये रुजू झालो. मी यवतमाळची, वडील कचेरीत कारकून. आमच्या घरात परसदारी निघालं तरी "कुठे चाललीस?" असं विचारणारी आत्या होती. सुशीला केळापूरकडच्या एका तांड्यावरची. पूर्वी बैलांवर मीठ-धान्य लादून गावोगाव फिरणारे तिचे पणजे-खापरपणजे, आता सगळे शेतकरी. तांड्यात दहावीच्या पुढे शिकलेली ही पहिली मुलगी. उंच, लांब टांगा टाकत चालणारी, दोन्ही हातांवर गोंदण, घड्याळ उजव्या मनगटावर. कापसाच्या जिनिंगच्या मागे आम्ही दोघींनी मिळून दोन खोल्या घेतल्या. सामान लावून झाल्यावर तिनं मला समोर बसवलं.

"दोन गोष्टी आताच सांगून ठेवतो. कुठी चालली, हे मले विचारायचं नाई. कवा येशीन, हेबी विचारायचं नाई."

"आणि जेवणार का, हे?"

"ते विचारत जाय."

खोलीचं दार दिवसभर उघडं ठेवायचं, हा तिसरा नियम तिनं सांगितला नाही, नुसता अंमलात आणला. बंद दाराआड तिचा जीव घाबरायचा. त्या उघड्या दारातून शेजाऱ्यांची बकरी आत आली आणि तिनं सहावी ब ची मराठीची घटक चाचणी खाल्ली, निम्मा गठ्ठा. मी डोक्याला हात लावून बसले. सुशीला म्हणाली, "दे सगळ्यायले पास करून. पोट्टेबी खूश, बकरीबी खूश."

तिच्या या वागण्याला एक गोष्ट कारण होती आणि ती गोष्ट मी किमान शंभर वेळा ऐकली आहे. अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं. सासरी शिकायचं नाव काढायचं नव्हतं. चार महिन्यांनी होळीला माहेरी आली आणि परत धाडण्याच्या दिवशी, उजाडायच्या आत, एका पिशवीत दोन लुगडी नि बारावीची गुणपत्रिका घेऊन ती घरातून निघाली. फाट्यापर्यंत पायी, तिथून पहिल्या एसटीनं यवतमाळ. तिथं तिच्या जुन्या बाईंनी तिला घरी ठेवून घेतलं आणि डी.एड.ला घातलं. गोष्टीचा शेवट नेहमी ठरलेला असे. "त्या दिवशी दाराले कडी नव्हती. नशीब! आन् आमचा कुत्रा, रात्रभर भुंकणारा, तोबी चूप. कोणी नव्हतं माह्यासंग. मी एकटी निघाली आन् एकटी सुटली." आणि मग माझ्याकडे बोट करून, "तुले नाई समजनार. तुले कोणी कधी बांधलंच नाई."

मला बांधलं होतं, पण ते तिच्या मापात बसत नव्हतं.

पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर, एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती पिशवी घेऊन निघाली. नियमाप्रमाणे मी विचारलं नाही. शनिवारी ती शाळेत आली नाही. रविवारही गेला. सोमवारी मी तिचा हजेरीपटावरचा रकाना कोरा ठेवायला लिपिकाच्या विनवण्या केल्या आणि मधल्या सुट्टीत बसस्टँडवर जाऊन चौकशी केली. शेवटी पोलीस ठाणं गाठलं. तिथल्या शिपायानं वही उघडली.

"तुमची कोण होते?"

"सोबत राहते."

"कुठी जातो म्हणे?"

"मी विचारलं नाही."

"काहून नाही विचारलं?"

"विचारायची मनाई आहे."

त्यानं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे जे पाहिलं, ते मी आजही विसरलेले नाही.

मंगळवारी सकाळी बाई हजर. लुगड्याच्या काठाला काळी भुकटी, चेहरा प्रसन्न. "राजूरले गेलती. कोळशाची खाण पाहाले. आपण पाचवीले शिकवतो, दगडी कोळसा जमिनीखाली सापडते. मी तं कधी पाह्यलाच नव्हता! शेवटी खोटंच शिकवून राह्यलो ना आपण?" तिथं सातवीतल्या एका मुलीच्या मावशीकडे ती उतरली होती, आणि मावशीनं दोन दिवस जास्त ठेवून घेतलं होतं.

मला रडू आलं. चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. ती गोंधळून बघत राहिली, आणि मी पोलिसांत गेले होते हे कळल्यावर उलट तीच भडकली. "म्हंजे मले शोधाले निघाली तू? मंग माह्या बापात आन् तुह्यात फरक काय? तू काळजी केली, तो तुह्यावाला प्रश्न आहे. मी थोडीच सांगितलं होतं काळजी कर म्हून."

मी तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षात आलं नाही.

तर हा पहिला विचार. मला कोणी अडवू नये, बस. हा विचार तिनं एका पंधरा ऑगस्टला सगळ्या शाळेला वाटला. त्या वर्षी मुलांच्या रांगांची जबाबदारी माझ्यावर होती. साडेसातला झेंडावंदन, पाहुणे यायचे होते पंचायत समितीतून, आणि नऊ वाजले तरी त्यांची जीप दिसत नव्हती. ऊन चढलेलं, दुसरी-तिसरीची मुलं डुलायला लागलेली. वेळ भरून काढायला मुख्याध्यापकांनी सुशीलाला बोलायला सांगितलं. ती माइकसमोर गेली आणि म्हणाली, "पोट्टेहो, आज कायचा दिवस आहे? स्वातंत्र्याचा. मंग ज्याले उन्हात उभं राहाचं आहे त्यानं राहा. ज्याले सावलीत जायचं आहे त्यानं जा."

पाच सेकंदांत मैदान रिकामं झालं. साडेचारशे मुलं आणि तीन शिक्षक व्हरांड्यात. रांगेसाठी मी फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेघा तेवढ्या जागेवर होत्या. त्याच वेळी जीप आत आली. पाहुण्यांनी रिकाम्या मैदानासमोर झेंड्याला वंदन केलं. नंतर खुलासा मागितला गेला, तो माझ्याकडून, कारण रांगा माझ्याकडे होत्या. सुशीला म्हणाली, "लिहून दे ना, रांगेले स्वातंत्र्य भेटलं म्हून." मी लिहिलं, मुलांना चक्कर येत होती म्हणून सावलीत घेतलं. खरं म्हणजे तेही खोटं नव्हतं. पण मुलं मोकळी झाली ती तिच्या शब्दानं, आणि खुलासा द्यायला लागला तो मला. हे तिला समजावून सांगता सांगता माझं लग्न झालं, मी त्याच गल्लीत दुसऱ्या घरी राहायला गेले, तरी समजावणं चालूच होतं.

चाळिशीत तिला दुसरा विचार लागला. आता तिला इतरांना मोकळं करायचं होतं.

आमच्या शाळेत कौसल्या नावाची बाई पोषण आहाराची खिचडी शिजवायची. तिचा नवरा संशयी. ती कोणाशी बोलते, किती वेळ बोलते, यावर त्याचं लक्ष. तिला न्यायला शाळेच्या फाटकाबाहेर येऊन उभा राहायचा आणि घरी नेऊन बाहेरून कडी घालून कामाला जायचा. एकदा तिच्या कपाळावर टेंगूळ दिसलं आणि सुशीलानं त्याच दुपारी तिला आपल्या खोलीवर नेलं. नवरा आला तेव्हा सुशीला दारात उभी राहिली. काय बोलली ते मला माहीत नाही, पण तो पुन्हा त्या गल्लीत आला नाही. इथवर मी तिला मनापासून मानते. आमच्यापैकी कोणीही हे केलं नसतं.

पण पुढे तिनं कौसल्याला घडवायला घेतलं. सकाळी साडेपाचला उठवून फिरायला न्यायचं, कारण बाईनं एकटीनं रस्त्यावर चालायला शिकलं पाहिजे. संध्याकाळी बाराखडी. सोमवारचा उपास बंद, कारण तो नवऱ्यासाठी. हिरव्या बांगड्या काढून ठेवायच्या. महिला मंडळाच्या बैठकीत उभं राहून आपली कहाणी सांगायची. कौसल्या मान खाली घालून सगळं करायची. बैठकीत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही तेव्हा सुशीलानं तिची कहाणी स्वतःच सांगून टाकली, कपाळावरच्या टेंगळासकट. कौसल्या सतरंजीची कड चाचपत बसली होती.

मी म्हटलं, "सुशीला, तिला जरा श्वास घेऊ दे."

"तुमच्यासारख्या लोकायनंच बाया मांगं ठेवल्या," असं मला ऐकावं लागलं.

दोन महिन्यांनी एका दुपारी खिचडीची भांडी घासून झाल्यावर कौसल्या स्टाफरूमच्या दारात आली. हातात कापडी पिशवी. "बाई, मी चालली. बहिणीकडं. तिच्या गावात कापूस वेचाचं काम भेटते."

सुशीला उठून उभी राहिली. "काहून? काय कमी पडलं तुले माह्या घरी?"

"कमी नाई पडलं काही. लय केलं तुमी. तुमचे पाय धुतले तरी फिटनार नाई." कौसल्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग आयुष्यात पहिल्यांदाच असेल, पण सरळ समोर बघून बोलली. "पन बाई, तो म्हणे हे करू नको. तुमी म्हणता हे कर. माह्या मनात काय हाये, हे कोन इच्यारते?"

ती गेली. जाताना हातात हिरव्या बांगड्या होत्या.

सुशीला त्यानंतर कितीतरी दिवस धुसफुसत होती. आधी कौसल्याला कृतघ्न म्हणाली, मग मला म्हणाली की तूच तिचे कान भरले. एकदा वर्गातून येता येता मध्येच थांबून तिनं मला विचारलं, "मी लय हुकूम सोडतो का वं?" आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "हो." तर पुन्हा आठ दिवस अबोला.

मग तिची याडी आली. याडी म्हणजे आई. सुशीलाच्या पळून येण्यानंतर बापानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं, तो वारल्यावर येणं-जाणं सुरू झालं होतं, तेही सणावारापुरतं. आता म्हातारीला विसर पडत होता. भाऊ-भावजय शेतात गेले की ती तांड्यातून चालू लागायची, एकदा पार नाल्यापलीकडे सापडली. सुशीला गेली आणि तिला राळेगावला घेऊन आली. बारकी, वाकलेली बाई. अजूनही फेटिया-कांचळी, म्हणजे तांड्यावरची घागरा-चोळी, आरशांचं भरतकाम विटलेलं. बोलायची फक्त बंजाऱ्यांची गोरबोली, त्यामुळे आमच्या गल्लीत तिचं कोणालाच कळायचं नाही.

दुपारचे दोन वाजले की म्हातारी उठायची आणि निघायची. सुशीला शाळेत. पहिल्या आठवड्यात तीनदा लोकांनी धरून आणली. मग जिला उघड्या दाराशिवाय झोप यायची नाही, त्या सुशीलानं बाहेरून कडी घातली. दोनच दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारणीनं सांगितलं की म्हातारी दुपारभर दार बडवत होती. सुशीलानं आत जाऊन आईचे तळहात पाहिले. लाल, सुजलेले. मी मागेच होते. तिनं हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे जाऊन आपले दुपारचे तास मागे-पुढे करून मागितले. म्हणजे काय, तर शेवटचे दोन तास मी घ्यायचे. मराठीच्या बाईनं इतिहास-भूगोल. दीड वर्ष. मुघलांचा कारभार मी तिच्यापायी शिकले.

मी वैतागून म्हटलं, "अगं, तिला धरून बसव घरात. कोणी तरी मुलगी ठेव सोबतीला."

"धरून कशी बसवू? मले कोणी धरून बसवलं असतं तं मी बसली असती?"

"मग काय करणार आहेस?"

"तिले जिथं जायचं तिथं जाऊ दे. मी मांगं राहीन."

आणि तसंच. राळेगावच्या लोकांना दुपारच्या उन्हात हे दृश्य दीड वर्ष दिसलं. पुढे वाकलेली म्हातारी, दहा पावलं मागे ही उंच बाई, काखेत छत्री, हातात पाण्याची बाटली. म्हातारी वळली की ही वळायची. म्हातारी थांबली की ही थांबायची. हाक मारायची नाही, ओढायचं नाही. रस्ता ओलांडताना तेवढी दहाची दोन पावलं करायची. मोटारसायकलवाले शिव्या देत. जन्मात कोणासाठी न थांबलेली ही बाई म्हातारीच्या चालीनं चालताना वर्गाच्या खिडकीतून बघून मला हसूही यायचं आणि चीडही, कारण माझ्या हातात सातवीच्या भूगोलाचं पुस्तक असायचं.

म्हातारी रोज एकाच ठिकाणी जायची. बसस्टँडवर. बाकावर बसायची नाही. कोपऱ्यातल्या खांबाच्या आड उभी राहून गाड्या बघायची. एखादी गाडी सुटली की तिचा चेहरा सैल व्हायचा आणि ती घराकडे वळायची. आम्हाला वाटायचं, म्हातारीला गाड्या बघायला आवडतात.

एका सुट्टीच्या दिवशी मीही सोबत गेले. खांबाजवळ मी सुशीलाशी काहीतरी बोलत होते, तर म्हातारीनं माझं मनगट घट्ट पकडलं आणि कुजबुजत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

सुशीला हसत म्हणाली, "म्हणते, हळू बोल. पोरीले ऐकू जाईन."

"कोणत्या पोरीला?"

सुशीलानं विचारलं. म्हातारीनं समोर रिकाम्या फलाटाकडे बोट दाखवलं आणि पुन्हा कुजबुजली. सुशीलाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"काय म्हणतात, सांग ना."

"म्हणते... सुशी गाडीत चढली का पाह्य." म्हातारी अजून बोलतच होती. "म्हणते, कुत्रा बांधला मी गोठ्यात. तोंडाले फडकं बांधलं त्याच्या. भुंकला नाई ना?"

सुशीला तिथंच, बसस्टँडच्या फरशीवर बसली.

पुढच्या काही आठवड्यांत तिनं तुकड्या-तुकड्यानं सगळं काढून घेतलं, म्हातारीचं डोकं जागेवर असेल तेव्हा. कडी रात्री याडीनंच काढून ठेवली होती. पोरीची पिशवी तिनं आदल्या दिवशी धान्याच्या कणगीमागे पाहिली होती. अंधारात ती तुरीच्या शेतातून फाट्यापर्यंत मागे मागे गेली होती, गाडी हलेपर्यंत बाभळीआड उभी होती. घरी येऊन दुपारपर्यंत सगळ्यांना सांगत राहिली की पोरगी शेतात गेली आहे. आणि शोध सुरू झाला तेव्हा तांड्याच्या नायकासमोर, सगळ्या लोकांसमोर म्हणाली, मीच धाडली. बापानं वर्षभर तिच्या हातचं खाल्लं नाही. तांड्यातल्या लग्नांना तिला बोलावणं बंद झालं होतं. किती वर्षं, ते तिला आठवत नव्हतं. बाप वारल्यावर घरात हा विषय कोणी काढलाच नव्हता.

हे कळल्यावर माणूस काय करील? रडेल, आईच्या पाया पडेल. सुशीला बसस्टँडवर, भर गर्दीत, आईवर ओरडली. "मंग सांगितलं काहून नाई? एवढ्या वर्षं मी जगाले सांगत फिरली, एकटी सुटली, एकटी सुटली! मले येडी ठरवलं ना तू!" लोक जमले. म्हातारी घाबरून माझ्या मागे लपली. मी सुशीलाला दंडाला धरून घरी आणलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला चांगलं झापलं. तिनं छत्री दाराआड ठेवली. मग म्हणाली, "रजू, माह्याजवळ सांगाले ते एकच गोष्ट होती वं."

याडी त्या थंडीत झोपेतच गेली. पुढच्या पंधरा ऑगस्टला मुलांनी "मॅडम, तुमची पळून जायची गोष्ट" म्हणून गिल्ला केला. सुशीलानं सांगितली, पण बदलून. आता ती आईची गोष्ट होती, आणि सुशीला तिच्यात अगदी शेवटी, गाडीत चढण्यापुरती येत होती. मुलांना ती तितकीशी आवडली नाही. कुत्र्याचा भाग तेवढा आवडला.

आम्ही निवृत्त झालो. भूगोल शिकवूनही समुद्र पाहिला नाही, ही तिची जुनी खंत. म्हणून आम्ही पाच जणींनी कोकणात जायचं ठरवलं. गाडी, मुक्काम, सगळं मी ठरवलं. चार दिवस उरले असताना तिचा फोन आला. "मी नाई येत. तांड्यावर आली. तुमी जा." आणि ठेवला. कारण काय, कधी परतणार, काही नाही. मी चिडून दुसऱ्याच दिवशी तांड्याकडे जाणारी पांढरकवड्याची गाडी पकडली. म्हटलं, या वेळी विचारणार. कुठे चाललीस, का चाललीस, सगळं विचारणार.

भावाच्या अंगणात ती बाजेवर बसली होती. पुढ्यात एक मुलगी, पाच वर्षांची, तिच्या डोक्यातल्या उवा काढणं चाललेलं. दुसरी तीन वर्षांची, तिच्या पाठीवर लटकलेली. भाच्याच्या या दोन मुली. भाच्याची बायको कविता, तेवीस वर्षांची, बारावी झालेली. तिला यवतमाळला नर्सिंगला जागा मिळाली होती. नवरा ना हो म्हणत होता, ना नाही. सासू आजारी. मुलींना कोण बघणार, यावर सगळं अडलं होतं.

"मग तू भाच्याला समजावलंस?" मी विचारलं.

"नाई."

"कवितेला सांगितलंस, जा म्हणून?"

"नाई बापा. तिनं इच्यारलं, आत्याबाई जाऊ का? म्या म्हटलं, मले नको विचारू. पोरी मी पाह्यतो, एवढंच सांगितलं. मंग तिचं तिनं ठरवलं. पाच दिवस झाले जाऊन."

"आणि समुद्र?"

"तो कुठी जाऊन राह्यला?"

माझा संताप झाला. म्हटलं, जन्मभर कोणाला बांधून घेतलं नाहीस, घरात एक कुंडी ठेवली नाहीस पाणी घालावं लागेल म्हणून, आणि आता उतारवयात दोन पोरी पाठीला बांधून बसलीस? हेच का तुझं स्वातंत्र्य? शाळेतल्या पोरांना भाषण देत होतीस ते काय होतं मग?

तिनं एक ऊ नखावर चिरडली. "तवा जे वाटे ते सांगितलं. खोटं नव्हतं ते. आता पोरी धराव्या वाटते, तं धरून राह्यली. कोणी धर म्हटलं नाई, आन् कोणी सोड म्हटलं तरी सोडत नाई." मग पुढची बट चाळत, "भाकरी खाशीन ना?"

जेवणं झाल्यावर कवितेचा फोन आला. सुशीलाला फोन कानाला लावायला आवडायचं नाही, ती सगळं जगाला ऐकवूनच बोलायची. कविता रडत होती. वर्गात सगळं इंग्रजीतून. बाकीच्या मुली हसतात. काही समजत नाही. पोरींची आठवण येते. "आत्याबाई, मी येतो वापस. मले नाई जमत हे."

मी सुशीलाकडे पाहिलं. मी या बाईला ओळखत होते. आता ती काय बोलणार हे मला तोंडपाठ होतं. खबरदार आलीस तर. हिंमत ठेव. बायांनी अशीच माघार घेतली म्हणून तर त्या मागे राहिल्या. तिच्या मानेची शीर फुगली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. धाकटीनं तिच्या गळ्यातला चष्म्याचा दोरा ओढला तरी तिला कळलं नाही.

"कविता," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका हळू मी कधीच ऐकला नव्हता, "पोरी जेवल्या. मोठीच्या उवा निघाल्या. यायचं तं ये. राह्यचं तं राह्य. इकडचं मी पाह्यतो."

पलीकडे नुसता नाक ओढल्याचा आवाज. मग फोन बंद.

कविता त्या शनिवारी आली, दिवसभर दोन्ही मुलींना घेऊन झोपली आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत गेली. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. सुशीलाच्या जाण्याची खबर मला तिनंच दिली. आता पोरी सासूकडे आहेत. सासू सावरली आहे आणि कुरकुरत का होईना, सांभाळते. पण त्या दुपारी यातलं काही आम्हाला ठाऊक नव्हतं.

परतीची गाडी पकडायला मी उठले. सुशीला पोचवायला उठली नाही. मी अंगणाच्या कडेला पायात चपला सरकवल्या आणि वळून पाहिलं. ती बाजेवर तशीच बसली होती, फोन दोन्ही हातांनी छातीशी धरून. कपाळावर घाम होता, मैलभर धावून आल्यासारखा. माझी चाहूल लागली तशी तिनं मान वर केली.

"रजू, मी काही म्हटलं तं नाई ना वं तिले? राह्य म्हून?"

"नाही. काही नाही म्हटलंस."

"नक्की?"

"नक्की."

"मंग जरा पानी दे मले," ती म्हणाली. "घसा कोरडा पडला."